लाल शाई

माळसावंगी, ता. सेनगाव
२० जानेवारी २००८

दीक्षा,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे चुलीत टाकलं असशील तर माझं बोलणं वाऱ्यावर गेलं. फोडलं असशील तर शेवटपर्यंत वाच, एवढंच मागतो. तीन वर्षांत दादानं एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितोय तेही दवाखान्याचंच, असं म्हणशील. म्हण. ते खरंच आहे.

सखुबाई मावशी संक्रांतीला डोंगरकड्याला तुझ्याकडे येऊन गेली. इथं आल्यावर कौतुकानं सांगत होती, "दीक्षी कशी शेलाटी झाली रं, ब्लाउज दोनदा आतून शिवून घेतले तिनं." मग चहा पिता पिता सहज म्हणाली की तुला महिनाभर खोकला आहे, दिवस कलला की अंग कणकणतं. माझ्या हातातला कप तसाच राहिला. मावशीला काही कळलं नाही, तिनं माझ्या वाटणीची बशीही पिऊन टाकली.

दीक्षा, जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि बेडका तपासून घे. पैसे पडत नाहीत. तीन वेळा द्यावा लागतो. एक गेल्या गेल्या, दुसरा घरून सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, तिसरा तो द्यायला जाशील तेव्हा. छातीतून खोल खोकून काढायचा. थुंकी देऊ नकोस, थुंकीत काही सापडत नाही. दिवसातून दहा वेळा हेच ओरडत असतो म्हणून इथली पोरं मला "बेडकेवाले साहेब" म्हणतात. सरकारी नोकरीत मला मिळालेली पदवी ती एवढीच.

घाबरू नकोस. टीबी असलाच तर सहा-आठ महिन्यांत बरा होतो. तो ताटवाटीतून येत नाही, रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही, कुणाच्या पापानंही येत नाही. एक काडीसारखा जंतू असतो. आजारी माणूस खोकला की तो बारीक तुषारांबरोबर हवेत जातो, बंद खोलीत तासन्‌तास तरंगतो, आणि त्या खोलीत श्वास घेणाऱ्याच्या छातीत उतरतो. तिथं तो वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो. शरीर थकलं की उठतो. म्हणून आमूलाही सोबत घेऊन जा. दोन वर्षांचं लेकरू आईला चिकटूनच निजतं.

खोकला कुणाला येत नाही, दादा एवढा का भ्याला, असं तुला वाटेल. मला कारण आहे. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू फक्त जाऊन ये.

दाजींना जयभीम सांग.

तुझा दादा,
रविंद्र


माळसावंगी
९ फेब्रुवारी २००८

दीक्षा,

तुझं कार्ड आलं. तू पत्राचं उत्तर दिलंस याचाच इतका आनंद झाला की पहिल्यांदा वाचताना अर्थच डोक्यात शिरला नाही. मग पुन्हा वाचलं.

"दादा, मला दमा हाय. आईला होता तोच. आपल्या घरात टीबी कुणालाच नव्हता, तूच तपासलं होतंस. माझ्या तथागतच्या मातीला आला न्हाईस आन् आता बेडका मागून राहिलास व्हय?"

तूच तपासलं होतंस. हे कार्ड मी खिशात घालून फिरतो आहे. दवाखान्यात स्लाइड रंगवताना वाकलो की ते छातीला टोचतं.

पत्रात लिहिण्यासारखं नाही असं म्हणालो होतो, ते आता लिहितो. आईला दमा नव्हता.

२००४ चा फेब्रुवारी. तुला सातवा लागला होता आणि तू पहिलटकरीण म्हणून नुकतीच माहेरी आली होतीस. उपकेंद्राच्या सिस्टरनी आईचा खोकला ऐकून फॉर्म भरला आणि तिला माझ्याकडेच धाडलं. आई त्या दिवशी नवं लुगडं नेसून आली होती, लेकाचा दवाखाना बघायचा म्हणून. डबी हातात घेऊन म्हणाली, "हिच्यात थुकू? लेकाच्या हपिसात?" सगळे हसले. रजिस्टरात तिचा नंबर पडला, एक्केचाळीस.

बेडका काचेवर पसरून वाळवतात, लाल रंग ओतून खालून तापवतात. मग आम्लानं धुतात आणि निळा रंग देतात. बाकी सगळं लाल धुऊन जातं, निळं होतं. टीबीचा जंतू तेवढा आपला लाल रंग सोडत नाही. निळ्यात लाल काडी दिसली की तो टीबी.

आईच्या स्लाइडवर मला तीन दिसले.

तीनच होते म्हणून मी मनाची समजूत घातली. रंगाचा कण असेल, काचेवरचा ओरखडा असेल. आमच्याकडे नियम आहे, पॉझिटिव्ह निकाल लाल शाईनं लिहायचा, म्हणजे पान उघडताच डोळ्यांत भरतो. मी निळा पेन घेतला आणि एक्केचाळीसपुढं निगेटिव्ह लिहिलं. आईला सांगितलं, दमा आहे. सिस्टरांना सांगितलं, दमा आहे. तुलाही तेच सांगितलं, तू उंबऱ्यात बसून चिंचा खात होतीस.

हे मी तुझ्यासाठी केलं, दीक्षा. तुझ्या सासूला कळलं असतं तर तिनं तुला त्याच दिवशी परत नेलं असतं आणि जन्मभर टोमणे मारले असते की रोग्याच्या घरची पोरगी पदरात पडली. तुझं पहिलं बाळंतपण माहेरी नीट व्हावं, एवढंच मनात होतं.

दमेकऱ्याची लेक दमेकरी निघते असं म्हणतात, म्हणून तू निर्धास्त बसली आहेस. तो शब्द मी दिलेला आहे. तो सोडून दे. आई गेली ती टीबीनं गेली. आता तरी बेडका दे.

रविंद्र


माळसावंगी
२ मार्च २००८

दीक्षा,

परवा दाजींचा फोन आला, दवाखान्याच्या नंबरवर. शिपायानं मला वऱ्हांड्यातून बोलावून आणलं. दाजी म्हणाले, "तीन जंतू म्हंजे काय टीबी असतो व्हय? गावात एका जाणकाराला इच्यारलं. तो म्हनला, तीनाला काय किंमत न्हाई. मेलेल्या मानसाचं नाव काहून खराब करून राहिलात तुमी?" मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ती लई खोकून राहिली. म्या म्हनलं चल, तर म्हनती दादाला माझ्या आईवर आळ घालायचाय." मागून तुझा खोकला ऐकू आला. तो आवाज मला ओळखीचा आहे. आमच्या मधल्या खोलीत तो दीड वर्ष होता.

माझं अर्धं खरं तुला अर्ध्या वाटेत सोडून आलं. आता काही हातचं राखत नाही. हे वाचून तू माझं तोंड पाहणार नाहीस, हे मला माहीत आहे. बेडका दिलास तर न पाहिलेलं चालेल.

तीन नव्हते. निकाल थ्री प्लस होता. आमच्या भाषेत तीन आणि तीन प्लस यांत बांध आणि डोंगर एवढा फरक आहे. काचेवर दिसणाऱ्या एकेका गोल तुकड्यात दहाहून जास्त जंतू, जिथं नजर टाकावी तिथं. थ्री प्लसच्या वरची पायरीच नाही. मागच्या पत्रात "तीन" लिहिताना प्लस गाळलं ते चुकून नाही. पेन तिथवर नेला होता आणि उचलला. इतक्या वर्षांनी, तू खोकत असताना, मी पुन्हा तेच केलं. लाज वाटते हे लिहायलाही लाज वाटते.

तुझ्यासाठी केलं, हेही खोटं. तुझं नाव मी नंतर त्याला चिकटवलं, मला झोप यावी म्हणून. आईचा निकाल आला त्याच्या चौथ्या दिवशी वसमतहून सीमाची माणसं माझा साखरपुडा ठरवायला येणार होती. सीमाचे वडील आधी एकदा येऊन गेले तेव्हा पाटावर बसता बसता म्हणाले होते, "बाकी सगळं बराबर हाय. घरात कसला रोगबिग न्हाई ना? तुमी तर त्याच खात्यातले." मी हसून म्हणालो होतो, "रोग असता तर मलाच पहिल्यांदा दिसला असता की." तो मला दिसला. सोयरीक चांगली होती, पोरगी शिकलेली होती, मला ती आवडली होती. बास. एवढंच कारण आहे. याहून मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

आमच्या स्लाइडी पुन्हा तपासायला जिल्ह्याहून सुपरवायझर येतात, फुलसिंग राठोड. ते पेटीतून हाताला लागतील त्या काढून बघतात. म्हणून आईची काच मी फोडली, तुकडे खड्ड्यात टाकले. नव्या काचेवर स्वतःची थुंकी पसरली आणि वर एक्केचाळीस नंबर टाकला. दिवसभर लोकांवर ओरडतो की थुंकी नको, थुंकीत काही सापडत नाही. ते मला नीट माहीत होतं.

औषध मात्र मी आईला दिलं. हिंगोलीहून स्वतः विकत आणलं, दम्याच्या गोळ्या म्हणून दिलं. तिसऱ्या दिवशी आई न्हाणीतून बाहेर आली ती पांढरीफटक. मला बाजूला घेऊन म्हणाली, "रवी, लगवी लालभडक होऊन राहिली रं. अंगातलं रगत चाललं माझ्या. ह्या गोळ्या मला न्हाई सोसत." टीबीच्या एका गोळीनं लघवी लाल होते, ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो. सांगायला एक वाक्य लागलं असतं. पण ते सांगितलं तर ती सिस्टरांना बोलली असती, आणि लाल लघवीची गोळी कोणत्या रोगाची हे सिस्टरांना तोंडपाठ होतं. मी म्हणालो, "नको घेऊ मग, आई. उष्णता झाली असंल." तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला. उरलेल्या गोळ्या मी पेटीत तळाशी घातल्या.

लग्न मार्चात झालं. तू अवघडलेली होतीस तरी हळदीला सगळ्यांच्या पुढं नाचलीस. एप्रिलात तथागत झाला.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. मधली खोली, वारा लागू नये म्हणून बंद केलेली खिडकी, शेगडीचा शेक. आई लेकराला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची आणि न्हाऊ झालं की त्याच्या कानांत, नाकात फुंकर घालायची, पाणी राहू नये म्हणून. प्रत्येक फुंकरीआधी खोकायची. तू हसून म्हणायचीस, "आई, आधी तुझा दमा तर आवर." मी त्या दारातून रोज जात होतो. हवेतून कसं पसरतं हे तुला जानेवारीत शिकवलं ना मी? ते मला तेव्हाही येत होतं. खिडकी उघडा, एवढंसुद्धा मी बोललो नाही. काहून विचाराल म्हणून.

आणि नांदेड. तथागत आठ महिन्यांचा होता, मान मागं टाकत होता, डोळे फिरवत होता. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढलं, मग तुला विचारलं, "घरात कुणाला टीबी आहे? कुणी जुना खोकलेकरी?" तू म्हणालीस, "टीबी कुणालाच न्हाई साहेब. माझ्या आईला दमा हाय." आणि माझ्याकडं बोट दाखवलंस. "हे माझे भाऊच लॅबमधी हायेत, ह्यांनीच तपासलं." डॉक्टर माझ्याकडे वळले. आपल्याच धंद्यातला माणूस म्हणून जरा हसलेसुद्धा. मी मान हलवली. होय म्हणून.

टीबीचं औषध त्याला पाच दिवसांनी चालू झालं, टीबी मेंदूत गेल्याचा रिपोर्ट आल्यावर; तुला मी मेंदूचा ताप एवढंच सांगितलं. त्या दिवशी मान हलवायच्या ऐवजी तोंड उघडलं असतं तर पाच दिवस आधी झालं असतं. त्यानं तो वाचला असता का हे मला माहीत नाही. वाचला नसता असं कुणी मला सांगावं म्हणून मी पुस्तकं चाळली, कुठंच तसं लिहिलेलं नाही.

मातीला आलो नाही ते म्हणून. साहेबानं सुटी दिली नाही असा निरोप धाडला होता. सुटी मी मागितलीच नव्हती. फाट्यापर्यंत आलो होतो, जीपमधून उतरलो आणि समोरून परतीची मिळाली तीत बसलो. तुझ्या ओट्यावर येऊन बसायचं कोणत्या तोंडानं?

आईचं एक राहिलं. तथागत गेल्यावर ती तुमच्याकडून परत आली त्या दिवशी चुलीपाशी बसून मला म्हणाली, "रवी, खरं सांग. माझ्या खोकल्यानं तर न्हाई गेलं लेकरू?" मी म्हणालो, "न्हाई आई. दमा कुणाला लागत नसतो." वाक्य अगदी खरं आहे, कुठल्याही डॉक्टरला विचार. ती त्यावर विश्वास ठेवून पुढच्या भादव्यात गेली. तिला काहीच माहीत नव्हतं, दीक्षा. तिच्यावर आळ घालायला मी लिहीत नाही. आळ माझा आहे. ती शेवटपर्यंत दमेकरी म्हणूनच जगली, कारण लेक लॅबमधला होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या झाकल्या मुठीत तुझं लेकरू होतं. आता आमू आहे.

सीमाला काल हे सगळं वाचून दाखवलं. तिनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि शेजारणीकडं जाऊन बसली. फुलसिंग साहेब येत्या महिन्यात येतील, त्यांना रजिस्टर दाखवणार आहे. नोकरीचं जे व्हायचं ते होईल.

बेडका दे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, दुसऱ्या कुणाकडून तपासून घे. पण दे.

रविंद्र


माळसावंगी
१९ मार्च २००८

दीक्षा,

काल दाजी आले होते. तीन गाड्या बदलून, सकाळी निघाले ते दोनला पोचले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोन डब्या, वर तुझ्या हातानं बांधलेलं फडकं. मी चहा सांगितला, त्यांनी घेतला नाही. पाणीही घेतलं नाही. उभ्यानंच म्हणाले, "आमच्याकडच्या दवाखान्यात न्यायला निगालो तर म्हनली, न्हाई, दादाकडंच न्या. त्याला म्हना, तूच बघ. आन् ह्या खेपेला खरं लिही."

मग बाकावर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी स्लाइडी केल्या. लाल रंग ओतताना बोटांवर सांडला, तो अजून गेलेला नाही.

दोन्ही पॉझिटिव्ह आहेत, तिसऱ्याची गरज उरली नाही. टू प्लस. आईइतकं नाही, पण आहे. मी पुरती पन्नास ठिकाणं मोजली, एकही गाळलं नाही. मग दाजींना बोलावून मायक्रोस्कोपमधून दाखवलं. ते बराच वेळ डोळा लावून होते. म्हणाले, "ह्या लाल लाल? एवढ्याशा?" रजिस्टरात तुझा नंबर अठ्ठावीस आहे. दीक्षा, वय एकोणतीस, डोंगरकडा. तुझ्यापुढचा निकाल मी लाल शाईनं लिहिला, दाजींच्या समोर. मग जुनं रजिस्टर काढून एक्केचाळीस नंबरची ओळही त्यांना दाखवली, निळी. त्यांनी ती बोटानं चाचपली, माझ्याकडं पाहिलं नाही आणि पिशवीची घडी करून खिशात घातली.

निकालाचा कागद आणि तुमच्या दवाखान्याची चिठ्ठी त्यांच्याकडे दिली आहे. उद्याच जा. तुझ्या नावाची औषधाची पेटी येईल, आठवड्यातून तीनदा त्यांच्या माणसासमोर गोळ्या घ्यायच्या. महिन्या-दोन महिन्यांनी बरं वाटायला लागेल, खोकला थांबेल, तरी एकही दिवस चुकवू नकोस. आमूला नेच. तिला आजार नसला तर वजन बघून सहा महिने रोज एक गोळी देतील, तिला झोपलेल्या जंतूपासून वाचवायला. घराच्या खिडक्या उघड्या ठेव. खोकताना पदर धर. आमूला काही दिवस दाजींजवळ निजव, रडली तरी.

मला उत्तर लिहू नकोस. पेटी चालू झाली एवढं दाजींनी फोनवर सांगितलं तर पुरे.

एक राहिलंच. पहिल्या गोळ्या घेतल्यावर लघवी लाल होईल. भिऊ नकोस, गोळ्या बंद करू नकोस. ते रक्त नसतं. औषधाचा रंग असतो, दोन दिवसांत सवय होते. एवढं मला आईला सांगायचं होतं.

रविंद्र